नांदेड ते लातूर : आकाशमार्गे किती वेळ?

भोकरहून लातूरला जाणारा प्रवासी सहसा आधी नांदेडला येतो. तेथून पुढे विमान मिळाले, तर त्याचा किती वेळ वाचेल? केवळ अक्षांश-रेखांशांवरून याचे उत्तर काढता येते.

नांदेडचा विमानतळ १९ अंश ११ कला उत्तर अक्षांशावर व ७७ अंश १९ कला पूर्व रेखांशावर आहे. लातूरचा विमानतळ १८ अंश २५ कला उत्तर व ७६ अंश २८ कला पूर्व असा आहे. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. म्हणजे दोन्ही ठिकाणांत अक्षांशाचा फरक ४६ कला व रेखांशाचा फरक ५१ कला आहे.

अक्षांशाची एक कला म्हणजे सुमारे १.८५ कि.मी. रेखावृत्ते मात्र ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात. त्यामुळे आपल्या भागात रेखांशाची एक कला सुमारे १.७५ कि.मी. भरते. यावरून लातूर हे नांदेडच्या दक्षिणेस ८५ व पश्चिमेस ८९ कि.मी. आहे. एवढ्या लहान अंतरात पृथ्वीची गोलाई विचारात न घेतली तरी चालते. आता पायथागोरसचा सिद्धांत वापरा. कर्ण सुमारे १२३ कि.मी. येतो. हेच हवाई अंतर.

लहान विमानतळांवर येणारे एटीआर-७२ हे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० कि.मी. वेगाने उडते. या हिशेबाने १५ मिनिटे पुरावीत. परंतु धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, उंची गाठणे, उतरताना वेग कमी करून वळसा घेणे यांत आणखी सुमारे २० मिनिटे जातात, असे धरू. एकूण ३५ मिनिटे झाली. शिवाय विमानतळ गाठणे, तासभर आधी हजर राहणे व उतरल्यावर गावात जाणे यांसाठी दोन तास धरा. प्रवास २ तास ३५ मिनिटांचा झाला! वळणांमुळे रस्ता १५० कि.मी. धरला, तर ताशी ५० कि.मी. वेगाने मोटार तीन तासांत पोचते. वाचली फक्त २५ मिनिटे.

आता मुंबई पाहा. तिचा विमानतळ जवळजवळ नांदेडच्याच अक्षांशावर आहे. रेखांशाचा फरक २६७ कला, म्हणजे हवाई अंतर सुमारे ४६७ कि.मी. उड्डाणाला ७६ मिनिटे व वरचे दोन तास मिळून सव्वातीन तास होतात. मोटारीला मात्र अकरा-बारा तास लागतील. अंतर जवळजवळ चौपट झाले, पण वरचा वेळ तेवढाच राहिला. विमानाचा खरा लाभ लांबच्या पल्ल्यात का असतो, ते यावरून कळते.

'उडान' योजनेखाली २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड-हैदराबाद विमानसेवा सुरू झाली होती. हैदराबादचा विमानतळ १७ अंश १४ कला उत्तर, ७८ अंश २६ कला पूर्व येथे आहे. हवाई अंतर व उड्डाणाचा वेळ तुम्हीच काढा.

(उत्तर : सुमारे २४५ कि.मी.; ५० मिनिटे.)