वर्तुळ दिसलं म्हणजे औषध सापडलं?

पहिल्या पावसात रस्त्याकडेला माजणारा टाकळा आपल्याला भाजीसाठी ठाऊक आहे, तसाच गजकर्ण-नायट्यासाठीही. त्याच्या बिया आंबट ताकात वाटून लेप लावायची रीत जुनी आहे. पुढे कुणीतरी पानांचा मिथेनॉलमध्ये अर्क काढतं, बुरशी पेरलेल्या प्लेटमध्ये भोक पाडून तो भरतं आणि भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. टाकळा बुरशीनाशक असल्याचं ‘सिद्ध’ झालं, असं मग बिनदिक्कत सांगितलं जातं.

एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. वर्तुळाचा आकार अर्कातला घटक आगरमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या माध्यमात, किती पसरतो यावरही ठरतो. पाण्यात न विरघळणारा घटक गुणकारी असला तरी भोकापाशीच अडकतो आणि वर्तुळ लहान दिसतं. उलट अर्कात मिथेनॉल राहून गेलं असेल, तर बुरशी त्यानेच दबते. म्हणून शेजारच्या एका भोकात नुसतं द्रावक आणि दुसऱ्यात माहितीचं औषध हवंच. नेमकं उत्तर मिळतं ते द्रव माध्यमात. तिथे अर्क दर टप्प्याला निम्मा पातळ करत जातात आणि किती कमी प्रमाणात वाढ थांबते ते पाहतात. टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला दाद देणारी, गजकर्ण करणारी ट्रायकोफायटन बुरशी साधारणपणे मिलीलिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी औषधाने थांबते. कच्च्या अर्कात गुणकारी अंश थोडाच असतो हे खरं. तरीही त्याला १००० मायक्रोग्रॅम लागत असतील, तर दावा जपूनच करायला हवा. शिवाय वाढ थांबली म्हणजे बुरशी मेली असंही नाही. त्या द्रवाचा थेंब औषध नसलेल्या ताज्या प्लेटवर टाकला की पुष्कळदा ती पुन्हा उगवते.

‘चाचणीत गुण दिसला नाही, म्हणजे आजीचं औषध खोटं’ हा निष्कर्षही तितकाच घाईचा. आजीने बिया ताकात वाटल्या, आपण पानं मिथेनॉलमध्ये भिजवली. मग परंपरा तपासली कुठे? परंपरेचा मान राखायचा तर लेप तसाच करून पाहावा, आणि नुसत्या ताकाचीही वेगळी चाचणी घ्यावी, कारण आंबटपणाचाही बुरशीवर परिणाम होऊ शकतो. टाकळ्यासारखीच दिसणारी त्याची एक भावंड-जातही आहे. त्यामुळे वनस्पतितज्ज्ञाकडून ओळख पटवून नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवणं टाळता येत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हर्बेरियमही आहे आणि बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही.

‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ या समजुतीला मुंबईतलंच जुनं उदाहरण पुरेसं आहे. एकोणिसाव्या शतकात इथे गजकर्णावर ‘गोवा पावडर’ विकली जाई. ती मूळची ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातली. पोर्तुगिजांमार्फत गोव्यात आली. तिच्यातल्या क्रायसारोबिनने गुण यायचा, पण कातडी भाजून निघायची, डोळ्यांना गेली तर आग व्हायची आणि कपड्यांवर डाग पडायचे. टाकळ्यातलं क्रायसोफॅनॉल त्याच रासायनिक घराण्यातलं. त्यातून बुरशीची पेशी जिवाणूच्या पेशीपेक्षा माणसाच्या पेशीला जवळची असते, म्हणून अर्क माणसाच्या त्वचापेशींवरही तपासायलाच हवा.

हे सगळं आज निकडीचं आहे. २०२० साली नाव मिळालेली ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी भारतात फोफावली आहे आणि तिचे अनेक वाण टर्बिनाफिनला जुमानत नाहीत. प्रयोगशाळेतल्या जुन्या, सहज दबणाऱ्या वाणावर वर्तुळ मोजत बसण्यापेक्षा रुग्णांच्या त्वचेतून मिळालेल्या या वाणांवर टाकळा तपासा. आणि तोवर गजकर्ण झालं, तर स्टेरॉइड मिसळलेलं मलम दुकानातून आपल्या मनाने आणू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.