पांढऱ्या पेशी वाढल्या, म्हणजे काय?

सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर १३,५०० हा ठळक छापलेला आकडा दिसला की घरात लगेच अँटिबायोटिकची चर्चा सुरू होते. थोडं थांबा. प्रौढांत दर मायक्रोलिटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी ठीक मानतात. पण गरोदरपण, स्टेरॉइडच्या गोळ्या, धूम्रपान, एवढंच काय, जोराच्या व्यायामानंही त्या वाढतात. म्हणून रिपोर्टमधल्या खालच्या ओळी, म्हणजे पांढऱ्या पेशींचे प्रकार, वाचायच्या. न्यूट्रोफिल चढलेले असतील तर बहुधा जिवाणूंचा संसर्ग किंवा शरीरात कुठेतरी दाह. लिम्फोसाइट चढले तर अनेकदा विषाणू. इओसिनोफिल चढले तर अ‍ॅलर्जी, नाहीतर जंत. डेंगीत मात्र पेशी बहुतेकदा उलट घटतात! टायफॉइडमध्येही त्या पुष्कळदा वाढत नाहीत. त्यामुळे अंगात ताप असताना नॉर्मल आकडा पाहून निर्धास्त होणं मला जास्त धोक्याचं वाटतं. रिपोर्ट दाखवताना चालू असलेल्या गोळ्यांची नावंही डॉक्टरांना सांगा.