छात्राध्यापकाला शाळा कोणती?
बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. शालेय आंतरवासिता २० आठवड्यांची: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. परभणी जिल्ह्यात खरा प्रश्न मात्र आठवड्यांचा नाही, शाळेचा आहे. कॉलेजजवळच्या शाळेत सरावपाठ सहज उरकतात. पण जिंतूर तालुक्यातल्या तांड्यावर पहिलीचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. गंगाखेड, सोनपेठकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली, की नाव हजेरीपटावर आणि पोर उसाच्या फडावर; नशीब असेल तर गावातल्या हंगामी वसतिगृहात. त्यातून दोन इयत्ता एकाच खोलीत असल्या, तर सुबक पाठ टाचण पहिल्या दहा मिनिटांतच कोलमडतं. तिसरीला फळ्यावर वजाबाक्या देऊन चौथीचं वाचन कसं घ्यायचं, हे तिथल्या बाईच दाखवतात.