आकाशातून मोजलेली आबादी

छायाचित्रात लांबी नसते, फक्त प्रमाण असते. तेच घर जवळून टिपले की मोठे दिसते, दुरून टिपले की लहान. मात्र घर कॅमेऱ्यापासून किती दूर होते आणि भिंगाचे नाभीय अंतर किती, हे ठाऊक असेल तर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या समरूप त्रिकोणांच्या नियमाने खरी लांबी काढता येते. गावठाणांची ड्रोन मोजणी याच नियमावर चालते.

वर्धा जिल्ह्यातल्या शेतजमिनीची मोजणी इंग्रज अमदानीतच झाली. शेतकरी ज्या आबादीत राहतो, तिथल्या घराला मात्र कित्येक गावांत ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यापलीकडे कागद नव्हता. सामाईक भिंती, अरुंद बोळ आणि एकमेकांना खेटून बांधलेले गोठे यांतून शंकुसाखळी ओढणे किचकटच. महाराष्ट्राने पुरंदर तालुक्यातील सोनोरी इथे ड्रोनचा पथदर्शी प्रयोग केला. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली आणि गावठाण मोजणीचे काम राज्यभर हाती घेण्यात आले. छायाचित्रांची बाजू भारतीय सर्वेक्षण विभाग पाहतो, मालकीची नोंद भूमि अभिलेख विभाग करतो.

समजा, कॅमेऱ्याच्या संवेदकावरचा एक पिक्सेल ४.५ मायक्रॉनचा आहे, नाभीय अंतर १० मिलिमीटर आणि ड्रोनची उंची १०० मीटर. मग एका पिक्सेलमध्ये जमिनीवरचे ४.५ सेंटिमीटर मावतात आणि ९ मीटरची भिंत २०० पिक्सेल व्यापते. पण गाव सपाट नसते. ज्याचा माथा कॅमेऱ्याच्या जवळ, ते मोठे दिसते. पाण्याची टाकी तर फोटोच्या मध्यापासून बाहेर कललेली दिसते. म्हणून फोटो एकमेकांवर बरेचसे चढतील असे घेतात. छपराचा एकच कोपरा अनेक फोटोंत शोधून, तो किती सरकला यावरून सॉफ्टवेअर त्याची उंची ठरवते आणि सगळे फोटो जणू सरळ वरून पाहिल्यासारखे दुरुस्त करून जोडते. अशा जोडचित्रावरून १:५०० प्रमाणाचा नकाशा निघतो. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे ५ मीटर.

तरीही नकाशाला जमिनीशी बांधावे लागते. त्यासाठी काही खुणांचे स्थान उपग्रह-ग्राहकयंत्राने सेंटिमीटरच्या नेमकेपणाने मोजतात. हा आधार कच्चा राहिला, तर सुबक दिसणारे चित्रही आपल्या जागेवरून सरकलेले असू शकते.

खरी अडचण सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेर आहे. वरून टिनाच्या छपराची कड दिसते, त्याखालची भिंत नाही. कडुलिंबाखालचे अंगण तर मुळीच नाही. आणि दोन भावांच्या हिश्श्यांमधली रेषा कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही. ड्रोन उडण्याआधी मिळकतींच्या हद्दींवर चुन्याच्या रेघा मारतात, त्या याचसाठी. छायाचित्रात उमटते ती ही रेघ. ती चुकीच्या जागी पडली, तर यंत्र तीच चूक सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजून देते.

नकाशा तयार झाल्यावर गावात जागेवर पडताळणी आणि चौकशी होते, हरकती ऐकल्या जातात, मगच मिळकत पत्रिका तयार होते. घरमालकाने चुना टाकण्याच्या दिवशी शेजाऱ्यासह हजर राहावे आणि चौकशीच्या वेळी पत्रिकेवर येणारे चौरस मीटर आपल्या फितीने एकदा ताडून पाहावेत.