आधी जाणले, ते पुन्हा का शिकावे?

ज्ञान केवळ वर्गाच्या चार भिंतींतच मिळते, असे नाही. घरी, कामाच्या ठिकाणी, ग्रंथालयात किंवा रात्री एकट्याने दिव्याखाली बसूनही माणूस शिकतो. असे मिळवलेले ज्ञान शिक्षणसंस्थेने कसे मोजावे व कितपत मान्य करावे? अमेरिकेत या प्रश्नाचे एक उत्तर ‘परीक्षेद्वारे श्रेयांक’ या पद्धतीत शोधले गेले. परिचर्येच्या शिक्षणात ही पद्धत कशी वापरली जाते ते पाहिले, म्हणजे तिचे बळ आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी लक्षात येतात.

अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षणाचे माप श्रेयांकांत मोजतात. आठवड्याला तीन तासांचा वर्ग सत्रभर पूर्ण केला, की साधारणतः ३ श्रेयांक मिळतात. नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी बहुतेक जण दोन वर्षांची सहयोगी पदवी किंवा चार वर्षांची पदवी घेतात आणि त्यानंतर ‘एनक्लेक्स’ ही परवाना परीक्षा देतात. परंतु परिचर्येच्या मुख्य अभ्यासक्रमात प्रवेश मिळण्यापूर्वीच काही विषय पूर्ण करावे लागतात. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, मानसशास्त्र, मानवी विकास, गणित किंवा संख्याशास्त्र आणि इंग्रजी लेखन हे विषय त्यांत सामान्यतः असतात. यांना पूर्वविषय म्हणता येईल.

समजा, एक स्त्री रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करते. घरी मुले आहेत, हातात पैसा बेताचा आहे. मानसशास्त्राची पुस्तके तिने स्वतःच वाचून काढली आहेत. केवळ त्या विषयासाठी तिने पुन्हा सत्रभर वर्गात बसावे का? अशांसाठीच ‘कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्राम’, म्हणजे ‘क्लेप’, ही परीक्षा उपयोगी पडते. ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेने ती १९६७ साली सुरू केली. बहुतेक विषयांची परीक्षा सुमारे ९० मिनिटांची असून प्रश्न मुख्यतः बहुपर्यायी असतात. गुणांकन २० ते ८० या श्रेणीत होते. ५० किंवा अधिक गुण मिळाल्यास श्रेयांक द्यावेत, अशी ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’ची शिफारस आहे. अपयश आल्यास तीच परीक्षा तीन महिन्यांनंतर पुन्हा देता येते. परीक्षेचे शुल्क सत्रभराच्या अभ्यासक्रमाच्या मानाने बरेच कमी असते. त्यामुळे वेळ व पैसा दोन्ही वाचतात.

मात्र सर्वच पूर्वविषय या मार्गाने पूर्ण होत नाहीत. मानसशास्त्र, मानवी विकास, समाजशास्त्र, बीजगणित व इंग्रजी लेखन यांच्या परीक्षा क्लेपमध्ये आहेत. शरीररचनाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांच्या नाहीत. जीवशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या परीक्षा असल्या, तरी त्यांत प्रयोगशाळेतील काम नसते. म्हणून अनेक परिचर्या विद्यालये विज्ञान विषयांसाठी प्रत्यक्ष प्रयोगांसह केलेल्या अभ्यासक्रमाचाच आग्रह धरतात. हा आग्रह अनाठायी नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू ओळखणे किंवा निर्जंतुक पद्धतीने नमुना हाताळणे हे पर्यायासमोर खूण करून येत नाही. तेथे झालेल्या चुकीची किंमत पुढे रुग्णाला मोजावी लागते.

आणखी एक अडचण आहे. परीक्षेने श्रेयांक मिळतात, पण बहुधा श्रेणी मिळत नाही. ज्या विद्यालयात प्रवेशासाठी चुरस असते, तेथे पूर्वविषयांतील श्रेणींची सरासरी पाहिली जाते. अशा ठिकाणी मानसशास्त्राची उत्तम तयारी असलेली विद्यार्थिनी परीक्षेचा मार्ग निवडून एक चांगली श्रेणी गमावू शकते. शिवाय श्रेयांक द्यावेत की नाहीत, हे प्रत्येक महाविद्यालय स्वतः ठरवते. महाविद्यालयाने मान्य केलेले श्रेयांक त्याच्याच परिचर्या विभागाने पूर्वविषय म्हणून नाकारावेत, असेही घडू शकते. म्हणून शहाणा विद्यार्थी प्रथम परिचर्या विभागाला विचारतो, उत्तर लेखी घेतो आणि मगच परीक्षेचे शुल्क भरतो.

मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना या पद्धतीमागील विचार परका वाटणार नाही. दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळात उत्तीर्ण केलेल्या मर्यादित विषयांचे गुण आपल्या संस्थेत हस्तांतरित करता येतात. केलेला अभ्यास वाया जाऊ नये, हेच त्याही सोयीमागचे तत्त्व आहे. भारतात परिचर्येच्या पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक असतात. हे विषय घेऊन राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून उत्तीर्ण झालेले विद्यार्थीही भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार पात्र ठरू शकतात.

ज्ञान कोठे मिळवले, यापेक्षा ते खरोखर मिळवले का, हे महत्त्वाचे असते. जे वाचून येते, त्याची परीक्षा कागदावर घेता येते. जे हाताने करूनच येते, त्यासाठी मात्र हातालाच अभ्यास करावा लागतो. हा फरक ओळखणाऱ्याला जवळची वाट सापडते आणि ती कोठे संपते, हेही कळते.