'हव' म्हणणारा हवा

घरातली वडील मंडळी तासभर समजावून सांगतात आणि दुसऱ्या दिवशी मुलांना त्यातले अक्षरही आठवत नाही, हा अनुभव घरोघरचा. शाळेतले पाठ, कचेरीतल्या बैठका, सभेतली भाषणे यांचीही तीच गत. सांगणाऱ्याकडे ज्ञान असते, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. मग शाळेची पायरीही न चढलेल्या तीजनबाईंना हे कसे साधले?

भिलाई म्हटले की आठवतो तो सोव्हिएत सहकार्याने उभा राहिलेला पोलाद कारखाना. त्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. त्याच भिलाईपासून काही मैलांवर गनियारी नावाचे खेडे आहे. 1956 साली जन्मलेल्या तीजनबाई तिथल्याच. आजोबा ब्रिजलाल महाभारतातल्या कथा गात, त्या ऐकता ऐकता नातीला पाठ झाल्या. वयाच्या तेराव्या वर्षी शेजारच्या चंद्रखुरी गावात तिने पहिला कार्यक्रम केला. बिदागी मिळाली 10 रुपये.

या गायनाला पंडवानी म्हणतात. तिच्या दोन पद्धती. वेदमतीत बसून गायचे, तर कापालिक पद्धतीत उभे राहून, अभिनय करत. बायकांनी गायचेच तर बसून, असा रिवाज होता. तीजनबाई उभ्या राहिल्या. बाईमाणसाने गावे हेच मुळात जातीला रुचले नव्हते. त्यांना वाळीत टाकले गेले. त्यांनी वेगळी झोपडी बांधली, शेजाऱ्यांकडून भांडी आणि दाणागोटा उसना घेतला, पण गाणे सोडले नाही.

एका तंबुऱ्याची करामत

रंगमंचावर ना पडदा, ना मुकुट. एका हातात मोरपिसे लावलेला तंबुरा, दुसऱ्या हातात करताल. खांद्यावर टाकला की तोच तंबुरा भीमाची गदा होतो. समोर रोखला की अर्जुनाचे धनुष्य. कधी तो रथ असतो, तर कधी द्रौपदीचे मोकळे केस. भीमाचे बळ वर्णन करायला दहा विशेषणे खर्ची घालण्याऐवजी गदा पेलताना वाकलेला खांदा दाखवला जातो. छत्तीसगडीचा एक शब्दही न कळणारे परदेशी प्रेक्षक खिळून बसत, ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट. त्या एका रात्रीत सगळे महाभारत सांगायला जात नसत. दुःशासनवध तर दुःशासनवध, एकच प्रसंग घ्यायचा आणि तो मनसोक्त रंगवायचा. आपले वक्ते मात्र एका भाषणात अठराही पर्वे उरकायला निघतात!

रागी कशासाठी?

या कलेतला सगळ्यात हुशार भाग प्रेक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. गायिकेच्या साथीदारांत एक 'रागी' असतो. तो तिच्या ओळीची शेवटची टोके उचलून धरतो, 'हव' म्हणजे 'हो' म्हणत हुंकार भरतो आणि मधेच विचारतो, "मग काय झाले?" श्रोत्यांच्या मनातला प्रश्न तो त्यांच्या वतीने विचारतो. त्यामुळे सांगणारीला थांबावे लागते, घडलेले थोडक्यात पुन्हा सांगावे लागते आणि ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळते. तीच गोष्ट दुसऱ्यांदा कानी पडते, पण कंटाळा येत नाही.

आपल्याकडे पोवाड्यात 'जी जी' म्हणणारे झीलकरी असतात. गोंधळातही नायकाला प्रश्न विचारणारा जोडीदार असतोच. आजीच्या गोष्टीत हुंकार देणारे नातवंड तरी दुसरे काय करत असते? हुंकार थांबला की आजीला कळायचे, पोर झोपले. समोरच्याचा हुंकार कधीच बंद पडलेला असताना बोलत राहणाऱ्या वडिलांना आणि शिक्षकांना हे भान क्वचितच असते. मुलाला हिशेब शिकवताना मधेच "आता पुढे काय होईल, तू सांग" एवढे म्हटले, तरी घरातला रागी जागा होतो.

हबीब तनवीर यांनी तीजनबाईंचे गाणे हेरले, पुढे श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' या दूरदर्शन मालिकेतून ते देशभर पोहोचले. त्यांना भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी मिळाली, 2003 साली पद्मभूषण आणि 2019 साली पद्मविभूषण लाभले. भिलाईच्याच रितु वर्मा वेदमती पद्धतीने गात नावारूपाला आल्या. उषा बारले यांनाही पंडवानीसाठी 2023 साली पद्मश्री मिळाली. त्याही भिलाईच्याच, आणि त्या गातात ते उभ्या राहून.