राणी का टाकली?

ब्रिजवर लिहिणाऱ्यांत सध्या एक पंथ माजला आहे. प्रतिपक्षाच्या थापा ओळखणे वगैरे सगळे झूट, टक्केवारी पाठ करा, असे तो सांगतो. टक्केवारीशी माझे वैर नाही, पण तिच्या पलीकडे माणूस बसलेला असतो, हे या मंडळींच्या गावीही नाही.

बोली आणि पहिली उतारी यांतल्या चकव्यांवर ढीगभर लिहून झाले आहे. ते सोडतो. माझा जीव जडला आहे तो ‘माहीत असलेल्या पाना’वर, म्हणजे जे आपल्या हातात आहे हे समोरच्याला कळलेच आहे, तेच पान टाकण्यावर.

डमीत एक्का, गुलाम, तिर्री. तुमच्या हातात राजा, नव्वी, पंजी, दुर्री. तुम्ही दुर्री खेळून गुलामाचा फिनेस केला आणि तो चालला. राणी डावीकडे आहे हे तिथेच उघड झाले. मग एक्का वाजवलात आणि डावीकडून राणी पडली! आता तिर्री खेळून नव्वीचा फिनेस, की राजा?

डावीकडे मुळात राणी-छक्की एवढेच असेल, तर नव्वी चालेल. पण राणी-दश्शी-छक्की असेल, तर पक्का खेळाडू राणीच टाकतो. ती उघडी पडलेलीच आहे, मग दश्शी का दाखवावी? त्याने दश्शी टाकली असती, तर तुम्ही राजा लावून राणी पाडली असती आणि नव्वी मोठी झाली असती. राणी टाकायला त्याला दमडी पडत नाही, तुम्हाला मात्र नव्वी लावताच एक हात पडतो.

म्हणून पान कोणी टाकले ते आधी पाहावे. नवखा दश्शी राखून राणी कधी सोडत नाही. त्याची राणी खरी माना, नव्वी लावा. मुरलेल्याच्या राणीतून काहीच कळत नाही. तिथे बाकीच्या रंगांत त्याची किती पाने दिसली, ते मोजावे.

पंथाचे लाडके शस्त्र म्हणजे टेरेन्स रीसने ‘द एक्स्पर्ट गेम’मध्ये (1958) मांडलेले मर्यादित निवडीचे तत्त्व. नऊ पानांचा रंग, बाहेर राणी, गुलाम आणि दोन लहान. राजा वाजवला, उजवीकडून राणी पडली. कोष्टकात राणी-गुलाम दुक्कल 6.78 टक्के, एकटी राणी 6.22. पण दुक्कल असलेला निम्म्या वेळा गुलाम टाकेल, म्हणून फिनेस जवळजवळ दुपटीने बरा. कबूल! पण दुक्कल असता नेहमी गुलामच टाकणाऱ्याने राणी टाकली, तर फिनेस शंभर टक्के. म्हणजे इथेही माणूस ओळखणे आलेच.



पानाने फसवणे नियमांना मंजूर आहे. मुद्दाम रेंगाळून किंवा चेहऱ्याने फसवणे नाही. ही मर्यादा पाळणारे खेळाडू टेबलावर बसूनच घडतात. पण टेबलावरच्या खेळाकडे आपले लक्षच नसते. 2018 साली जकार्ता एशियाडमध्ये ब्रिजमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्ण मिळवले, तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती बर्धनांच्या साठीची; खेळलेल्या पानांबद्दल अवाक्षर नाही. आताची मुले तर फोनवर रोबोशीच खेळतात. समोरचा नवखा की मुरलेला, हा प्रश्न त्यांना पडणार तरी कसा?

सुटीत चौघे जमलात, तर वरची पाने मांडा. डावीकडच्याला राणी-दश्शी-छक्की द्या आणि शिकवू मात्र काही नका.